खपली

“दीक्षा आज देणार की नाही, तेवढं सांगा बाबा.”

रेडकर मास्तर निवडुंगांच्या बागेत उभे राहून विचारत होते. बेटावर ही एवढीच बाग. कुठकुठल्या मुलखातले निवडुंग तिथे, काही पोफळीसारखे सरळसोट, काही पिंपासारखे गोल. यासीनबाबा फकीर चाळीस वर्षं ती सांभाळत होते. मी होडीवाला, मास्तरांना मीच आणलं होतं.

“घाई कसली?”

“सख्ख्या भावानं घराबाहेर काढलं मला. त्या घराची पायरी आता चढणार नाही. तुमचा शिष्य होऊन इथेच राहीन.”

ही कहाणी होडीत आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. बायांनी डोळे पुसले. मीही त्या भावाला चार शिव्या हासडल्या, खोटं कशाला बोलू? मग मास्तर पुन्हा पहिल्यापासून सांगत, आणि दर खेपेला भाऊ थोडा जास्तच वाईट होई.

बाबा उठले. एका उंच निवडुंगाचा वीतभर तुकडा त्यांनी सुरीनं कापला आणि मास्तरांना दिला.

“लावा.”

मास्तर हसले. शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी कुंडीत माती भरली, तुकडा खोचला, वर तांब्याभर पाणी ओतलं.

“झालं. आता?”

बाबांनी तुकडा उपटला. कापलेली बाजू फडक्यानं टिपली आणि तो सावलीत, कट्ट्यावर आडवा ठेवून दिला.

“अहो, मातीवाचून मरेल तो!”

“ओली जखम मातीत गेली की सडते. आधी खपली धरू दे.”

“किती दिवस?”

“त्याला लागतील तेवढे.”

मास्तर त्या तुकड्याकडे बघत म्हणाले, “आणि माझ्या दीक्षेचं…?”

बाबांनी त्यांची पिशवी उचलली आणि कट्ट्यावर, त्या तुकड्याशेजारी ठेवली.

मास्तर पिशवीजवळ जाऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला काही राहवेना. मी जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, “मास्तर, तुमच्या भावानं खरंच…”

बाबांनी माझा हात हळूच बाजूला केला.

“पाणी घालू नकोस.”