बर्फाचा चोर आणि दरबाराची वाफ

"चोरी! माझ्या बर्फाची चोरी!" चंडराव महाराज इतक्या जोरात ओरडले, की छतावरची कबुतरं राज्य सोडून गेली.

हिमालयातून, भुशात गुंडाळून, उंटांवर लादून महाराजांनी बर्फ मागवला होता. तांब्याच्या हंड्यात तो काठोकाठ बसवला होता. आणि आता हंड्यात होतं नुसतं पाणी, तेही काठाच्या खाली! हंडा सांभाळायचं काम होतं रखमाजी पाणक्याकडे. तो दरबारात हात जोडून उभा होता.

"महाराज, बर्फ वितळला. त्याचंच पाणी झालं," रखमाजी कसाबसा म्हणाला.

"वितळला? दगडासारखा टणक होता तो! आणि समजा झालं पाणी, तर हंडा भरलेला का नाही? उरलेला बर्फ तू खाल्लास! मी स्वतः घटकेघटकेला झाकण काढून, बोट लावून बघत होतो, म्हणून निदान चोरी उघडकीला आली. उद्या तुझी गाढवावरून धिंड, आणि तिथूनच राज्याबाहेर!"

रखमाजीची मुलगी ठकू बापाची भाकरी घेऊन आली होती. खांबाआडून ती सगळं ऐकत होती. जिभेला हाड नसलेली ही पोरगी तरातरा पुढे आली.

"बर्फ चोरीला गेलेला नाही, महाराज! मी दाखवते!"

"दाखव की! पण बर्फ मिळणार नाही, पाणी मिळणार नाही, विस्तव मिळणार नाही. बाहेरून काडीसुद्धा आणायची नाही! दरबार उठायच्या आत दाखवलंस, तर बाप सुटला. नाहीतर तूही बस गाढवावर, बापाच्या मागे!"

"ठके, गप बस गं," रखमाजी कुजबुजला, "गाढव एकच आहे!"

ठकूनं दरबारावर नजर फिरवली. सगळे सरदार आपापल्या मानाच्या जागी रांगेत बसले होते. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, त्यामुळे दर दोघांच्या मध्ये एक लोड आणि एक पिकदाणी. जागा सोडायची कुणाची टाप नव्हती. बसल्या बसल्या मांडी हलवायची, मिशीला पीळ द्यायचा, एवढीच हालचाल. अशा थाटात त्यांनी अख्खा दरबार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून टाकला होता.

"बाहेरचं काही नको," ठकू म्हणाली. "आहेत तेवढे सरदार पुरे. महाराज, हा बघा बर्फ! बर्फ म्हणजे बारीक बारीक कण. प्रत्येक कण ठरल्या जागी, शेजाऱ्यापासून अंतर राखून, जागच्या जागी थरथरतोय."

"मला कण म्हणतेस?" सेनापती गडगडे उसळले.

"बरं, तुम्ही ढेकूळ. आता महाराज, या बर्फाला ताप द्यायचा."

"विस्तव चालणार नाही, सांगितलंय ना!"

"विस्तव हवाय कुणाला? महाराज, कुणीतरी म्हणालं, की तुमच्या मिशा बोकडाच्या केसांच्या आहेत."

महाराजांचे कान लाल झाले. "कोण? कोण म्हणालं?"

झालं! सगळे सरदार उठले आणि जो तो दुसऱ्याच्या मागे लपू लागला. खजिनदार सेनापतींच्या काखेतून सटकले, सेनापती राजोपाध्यांच्या पाठीमागे शिरले. लोड लवंडले, पिकदाण्या उलटल्या, मानपान कुणाला आठवेना. एकमेकांना खेटत, घसटत सगळा दरबार लांबच्या कोपऱ्याकडे वाहत गेला.

"हे झालं पाणी!" ठकू म्हणाली. "कण तेच, पण जागा सुटल्या. महाराज, एखादा सरदार चोरीला गेला का?"

"नाही," महाराज गुरगुरले.

"मग मगाशी भरलेला दरबार आता रिकामा का दिसतोय?"

महाराजांनी पाहिलं. खरंच की! सिंहासनापुढे आता घोडा फिरवता आला असता.

"मधलं अंतर गेलं, दाटी झाली. म्हणून पाण्याला बर्फापेक्षा कमी जागा लागते. मान गेला की माणूस कुठेही मावतो, महाराज!"

"ते राहू दे! मिशांबद्दल बोललं कोण, ते सांग!" महाराज तलवार उपसून सिंहासनावरून उठलेच.

मग काय विचारता! दारातून, खिडकीतून, वाट फुटेल तिकडे सरदार उधळले. सेनापती हत्तीच्या अंबारीत, खजिनदार चिंचेवर आणि राजोपाध्ये थेट मुदपाकखान्यात, पातेल्यांमागे.

"आणि ही वाफ!" ठकूनं टाळी वाजवली. "हंड्यातलं थोडं पाणी असंही गेलं असणार. वाफेला ना जागा, ना रांग. मिळेल तिकडे पसरायचं! राहता राहिल्या मिशा. त्यांच्याबद्दल दुसरं कुणी बोललं नाही, महाराज. मीच बोलले, आत्ता."

तलवार हवेतच राहिली. रखमाजीनं डोळे मिटून घेतले.

"पण विस्तव तर नव्हता," महाराज गोंधळून म्हणाले. "मग एवढा ताप आला कुठून?"

"घ्या! ताप कोण आहे, हे सगळ्या राज्याला ठाऊक आहे!" ठकूनं लवून मुजरा केला. "आणि हंड्यावरचं झाकण घटकेघटकेला कोण काढत होतं? बोट कोण लावत होतं?"

महाराजांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि एकदम खो खो हसत सुटले!

महाराज गार झाले तसे सरदारही एकेक थेंब ठिबकावा तसे परत आले. लोड ओढून, अंतर मोजून, पुन्हा आपापल्या जागी बसले.

"रखमाजी सुटला!" महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं ठकूला दिलं. "आणखी काय हवं ते माग!"

"पुढच्या खेपेला बर्फाचं झाकण माझ्या ताब्यात. आणि कुणीही हात पुढे केला, तर 'हात मागे!' म्हणायचा हक्क."

"कुणालाही?"

"कुणालाही!"

"दिला!" महाराज पुन्हा गदगदून हसले, आणि त्यांची डावी मिशी घरंगळत हनुवटीवर आली.

दरबार गोठला. सगळे छताकडे बघत जागच्या जागी थरथरू लागले. महाराजांचा हात घाईघाईनं मिशीकडे गेला.

"हात मागे!" ठकू ओरडली. "ताप लागला की डिंक पातळ होतो, महाराज! आधी गार व्हा, मग चिकटवा!"

यावर महाराज असे काही हसले, की उजवीही गेली.