न थांबणारी पिकअप

"संध्याकाळपर्यंत मला कधीच न थांबणारी पिकअप निवडून द्या. नाहीतर दिनकर, किल्ली टेबलावर ठेव आणि घरी जा," असं नर्सरीचे मालक दादासाहेब इंगवल्यांनी सांगून टाकलं.

दादासाहेबांची नर्सरी म्हणजे चार एकर हिरवी जाळी आणि तिच्याखाली टोमॅटो-मिरचीची लाखो रोपं. गेल्या आठवड्यात जुनी पिकअप घाटात बंद पडली आणि चाळीस हजार रोपांनी हौद्यातच माना टाकल्या. दोष गाडीचा होता. पण गाडी काही मान खाली घालून ऐकून घेत नाही, म्हणून दादासाहेबांनी तो ड्रायव्हर दिनकरच्या माथी मारला.

बरं, अटी तरी कसल्या! वॉरंटीचा कागद दादासाहेब वाचणार नव्हते, कारण खरी लबाडी बारीक अक्षरात असते. कुणाच्या शब्दावरही विश्वास ठेवणार नव्हते, कारण विकणारा थापा मारतो, मेकॅनिक कमिशन खातो आणि शेजारी जळतो. म्हणजे काही न वाचता, कुणाला न विचारता, पुढची दहा वर्षं नुसती बघून सांगायची! असली अट ज्याने आयुष्यात कधी गाडी ढकलली नाही, तोच घालू शकतो.

दिनकरने तर हातच टेकले. त्याची बायको हौसा मात्र रोपांवर पाणी मारता मारता विचार करत होती. ती याच नर्सरीत कामाला होती. माल पोचवायला गाडी निघाली की हातात फवारणीचा पंप घेऊन ती मागे हौद्यात बसायची, वाटेत रोपं सुकू नयेत म्हणून. बारा वर्षं तिने रस्ता उलटाच पाहिला होता, आणि उलट्या बाजूने पाहणाऱ्याला रस्त्यावरचं बरंच काही दिसतं.

गाड्या विकणाऱ्यांना निरोप गेले होतेच. सकाळी पहिला आला तो 'भीमा' पिकअपचा म्हातारा एजंट, घोडके. तोही एसटीने, कारण दुकानातली एकुलती एक गाडी आदल्या दिवशीच विकली गेली होती. वॉरंटी दोनच वर्षांची, सूट नाही, सीट कव्हरचे पैसे वेगळे. दादासाहेबांनी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. बिचारा फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर एसटीची वाट बघत बसला.

मग 'दिग्विजय'वाला आला. सात वर्षांची वॉरंटी, आणि तिचं पुस्तक असं जाड की उशाला घ्यावं. त्याच्या मागोमाग 'स्वप्नरथ'वाला. त्याच्या गाडीला आधी एक पैसा द्यायचा नाही, पहिले सहा महिने हप्ता नाही, वर भिंतीवरचं घड्याळ फुकट. कर्ज देणारे साहेबही त्याने सोबतच आणले होते. दोघं इतकं गोड बोलत होते की दिनकरला दोन्ही गाड्या आवडल्या आणि तो आणखीच घाबरला.

हौसाने पंप खाली ठेवला आणि दिग्विजयवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. "गाडी बंद पडली आसं समजा. आता काय करायचं?"

"फक्त एक फोन, ताई. आमची सर्व्हिसची गाडी येते, तुमची उचलून नेते."

"मग करा की फोन."

तो हसला. गाडी तर धडधाकट उभी आहे, म्हणाला.

"सात वर्षांची वॉरंटी इकत घ्यायची, तर ती चालती का न्हाई ते बघाय नको?"

दादासाहेबांना हे पटलं. विक्रेत्याने मोठ्या रुबाबात फोन लावला.

तोवर हौसाने कर्जवाल्या साहेबांची चौकशी केली. साहेब कशातून आले? त्यांची गाडी फाटकाबाहेर चिंचेखाली होती. आत का नाही आणली? साहेबांनी कॉलर सैल केली. पुढच्या गावात एका गिऱ्हाइकाचे हप्ते थकले होते, त्याचा स्वप्नरथ ओढून न्यायचा होता, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या दारात गाडी ओढायच्या साखळ्या दिसणं बरं नव्हे! हौसाने अगदी मायेने सांगितलं, की उन्हात गाडी तापेल, आत सावलीला घ्या. साहेबांनी नाइलाजाने गाडी आत घेतली.

दीड तासाने सर्व्हिसची गाडीही आली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीवर दिग्विजयचं चकचकीत स्टिकर, दुसरीवर कर्जकंपनीचं. हौसाने ओलं फडकं घेतलं आणि दोन्हींच्या मागच्या फळक्यांवरची धूळ पुसली. वरून रंग मारला होता, पण पत्र्यात ठोकलेली अक्षरं काही रंगाने बुजत नाहीत. दोन्हीकडे एकच नाव उठून आलं: भीमा.

दादासाहेब खुर्चीतून उठून जवळ आले.

"अहो, ती काय बघताय!" दिग्विजयवाला घाईघाईने मध्ये पडला. "ती जुनी गाडी आहे. अकरा वर्षं झाली, रोज घाट चढते नि—" आपण काय बोलून बसलो ते कळताच तो त्या फळक्यापुढे आडवा उभा राहिला.

हौसा म्हणाली, "दादासाहेब, कागद वाचू नका आनी माझ्या शब्दावर बी जाऊ नका. ह्यांची गाडी बंद पडली की आनायला भीमा. त्यांच्या गाडीचा हप्ता थकला की ओढून न्यायला भीमा. ह्यांनी सोताच्या कामाला जी गाडी घेतली, तीच तुमी घ्या."

दादासाहेबांनी दोन्ही विक्रेत्यांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. डोळे पुसत त्यांनी घोडक्याला बोलवायला माणूस धाडला. घोडके एसटीच्या पायरीवरून खाली उतरला आणि आल्या आल्या म्हणाला, "वॉरंटी मात्र दोनच वर्षांची हं."

किल्ली दिनकरकडेच राहिली. वर दादासाहेबांनी हौसाला हवं ते माग म्हणून सांगितलं. तिला फार विचार करावा लागला नाही.

"नव्या गाडीत मी म्होरं बसनार."

चौथ्या दिवशी नव्या भीमाच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि गाडी निघाली. दिनकरच्या शेजारी हौसा ऐटीत बसली होती. आणि मागे हौद्यात, रोपांच्या मधोमध, फवारणीचा पंप मांडीवर घेऊन दादासाहेब स्वतः बसले होते. रस्ता उलटा बघायचा म्हणत होते. फाट्यापाशी भीमाच्या मागे ओढून नेला जाणारा पहिला स्वप्नरथ दिसला, आणि त्यांचं हसणं पुढे बसलेल्या हौसाला काचेतून ऐकू आलं.