फळीखाली गेला दाणा

एक होती मुंगी. इवलीशी, पण भारी घाईची. आज तिच्या बाळाचं बारसं होतं. पाहुण्या मुंग्या येऊन बसल्या होत्या. आणि गोड म्हणून होता एकच साखरेचा दाणा.

दाणा डोक्यावर घेऊन मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. नलूमावशीच्या घरातली जमीन नवीकोरी, लॅमिनेटच्या फळ्यांची. गुळगुळीत! चकचकीत! पण स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला लागून, एक फळी होती खालून पोकळ. कोणाला कळू नये म्हणून मावशी तिच्यावर पायपुसणं टाकायची. आज ते धुवायला गेलं होतं.

मुंगी तिथं पोचली, तोच फळीवर मावशीचा पाय पडला. धप्प! फळी दबली, फट उघडली, दाणा आत. टुपुक! पाय उचलला, फट मिटली.

"अगं बाई, माझा दाणा!" मुंगी ओरडली. "फळीबाई, फळीबाई, जरा ऊठ गं!"

"मी नाही उठायची. पट्टीनं मला दाबलंय. ती सुटली तर उठेन."

मुंगी गेली भिंतीकडेच्या पट्टीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्टीताई, पट्टीताई, जरा सूट गं!
दाणा पडला फटीत,
फळी काही उठेना,
बाळाचं बारसं होईना!"

"मी नाही सुटायची. खिळ्यानं मला धरलंय. तो निघाला तर सुटेन."

मुंगी गेली खिळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खिळोबा, खिळोबा, जरा निघ रे!
दाणा पडला फटीत,
फळी काही उठेना,
पट्टी काही सुटेना,
बाळाचं बारसं होईना!"

"मी नाही निघायचा. बघ कसा ताठ बसलोय! हातोड्यानं ओढलं तर निघेन."

हातोडा होता हत्यारांच्या पिशवीत. मुंगी गेली पिशवीत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हातोडेराव, हातोडेराव, खिळा ओढा हो!
दाणा पडला फटीत,
फळी काही उठेना,
पट्टी काही सुटेना,
खिळा काही निघेना,
बाळाचं बारसं होईना!"

"मी नाही ओढायचा. मला काय हात आहेत? केरूकाकांनी उचललं तर ओढीन."

केरूकाका म्हणजे सुतारकाका. आले होते कपाटाचं दार बसवायला. बसले होते पाय पसरून.

"केरूकाका, केरूकाका, हातोडा उचला हो!
दाणा पडला फटीत,
फळी काही उठेना,
पट्टी काही सुटेना,
खिळा काही निघेना,
हातोडा काही ओढेना,
बाळाचं बारसं होईना!"

"मी नाही उचलायचा. आधी चहा, मग काम. मावशीनं चहा आणला तर उचलीन."

मुंगी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नलूमावशी, नलूमावशी, चहा ने गं!
दाणा पडला फटीत,
फळी काही उठेना,
पट्टी काही सुटेना,
खिळा काही निघेना,
हातोडा काही ओढेना,
काका काही हलेनात,
बाळाचं बारसं होईना!"

"मी नाही न्यायची. वाटेत ती फळी आहे ना! पाय पडला की धप्प, आणि चहा माझ्या साडीवर. आधी फळी नीट होऊ दे!"

घ्या! फळीला हवेत काका, काकांना हवा चहा, आणि चहाला हवी फळी! मुंगी मटकन बसली. मुळूमुळू रडली. मग तिला आला राग. एवढ्याशा मुंगीला एवढा मोठा राग! तडक गेली आणि काकांच्या अंगठ्याला कडकडून चावली.

"आई आई गं!" काका उडाले. टुणकन! आले ते नेमके त्याच फळीवर. धप्प!

"अहो नलूताई, ही फळी पोकळ आहे की! सांगायचं नाही होय?"

"वर पायपुसणं टाकलं की चालतंय, केरूभाऊ."

"चालतंय कसलं! उद्या मोडेल ना!"

काका चहा विसरले. काकांनी उचलला हातोडा. हातोड्यानं ओढला खिळा. कुईं! खिळा निघाला, पट्टी सुटली. पट्टी सुटली, फळी उठली. खाली खड्डा. खड्ड्यात दाणा!

खड्डा बुजवायला काकांनी भर कालवली. थापी भरली. आता खड्ड्यात टाकणार, तोच...

"थांबा, थांबा, थांबा!"

मुंगी आत. दाणा डोक्यावर. मुंगी बाहेर. थप्प! भर पडली. बाई बाई, थोडक्यात वाचली!

खड्डा भरला, भर वाळली, फळी बसली. ठक ठक ठक! काका वर चढून नाचले. फळी हूं की चूं करेना. मग आला चहा. एक थेंब सांडला नाही.

आणि मुंगी? ती केव्हाच घरी पोचली होती. पाळणा हलला. बाळाच्या कानात कुर्रर्र झालं. मधोमध ठेवला दाणा. तो आधी कोणी चाटला? बाळानं! बाळ हसलं खुदकन.

दाणा गेला पोटात, गोष्ट संपली थाटात.