चिखलस्वामी

आमच्या खाडीवर पूल नव्हता आणि होडीवाल्याला हाळी दिल्याशिवाय या गावात कुणाला येता येत नव्हतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. गावाचं नाव कोळंबखार. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मधे भाताची खाचरं. दर्याचं खारं पाणी खाचरांत शिरू नये म्हणून मधोमध मातीचा लांबलचक बांध. तो बांध होता म्हणून गाव होतं.

एके वर्षी होडीतून दोन-चार शिष्यांसह एक संन्यासी उतरले. त्यांचं नाव अलिप्तस्वामी. उंच, गोरेपान, आणि अंगावरची भगवी छाटी अशी स्वच्छ, की तिच्यावर माशी बसायला लाजत असे, असं म्हणतात. वाटेत डबकं आलं की स्वामी वळसा घालून जात. त्यांचा मुक्काम टेकडीवरच्या जुन्या देवळात पडला. संध्याकाळी गाव वर जाई आणि स्वामी सांगत, "लाटा अनेक, पाणी एक. मडकी अनेक, माती एक. तसं हे सगळं जग एकच आहे. मी आणि तू हा भेद नुसता दिसण्याचा."

गावाला हे फार आवडलं. काहींना तर जरा जास्तच आवडलं. जोमा म्हात्रेनं पोशा पाटलाचा कोंबडा कापून खाल्ला आणि वर म्हणाला, "तुजा कोंबरा न माजा कोंबरा येकच." पोशानं दुसऱ्या दिवशी जोमाचं जाळं उचलून नेलं. "तुजा जालं न माजा जालं येकच." दोघंही स्वामींचे पट्टशिष्य म्हणवून घेत आणि एकमेकांशी बोलत नसत.

इथवर हसण्यावारी गेलं. पण रिवाज असा होता, की पावसाळ्यात दर घरानं बांधावर आपल्या वाटणीची माती टाकायची. त्या वर्षी कुणी टाकलीच नाही. "माझी वाटणी, तुझी वाटणी असं आहेच कुठं?" म्हणत जो तो ओटीवर पाय पसरून बसला.

गावात ठमीबाय नावाची एक विधवा होती. तिचं एकुलतं एक खाचर अगदी बांधाला लागून. भादव्याची अमावास्या आली. त्या दिवशी वर्षातलं मोठं उधाण येतं, आणि भात तर नेमकं दाण्यात आलेलं. सकाळी ठमीबाय खाचरावर गेली, तर बांधात खेकड्यानं बीळ पाडलेलं आणि त्यातून पाणी पाझरतंय. तिनं बोट घातलं, बोट गेलं. हात घातला, खांद्यापर्यंत हात गेला. एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा उगवत नाही. ती घरोघर धावली. कुणी म्हणालं येतो, कुणी म्हणालं जेवून येतो. आलं कुणीच नाही.

तेव्हा ती तडक टेकडी चढून गेली. स्वामी ध्यानाला बसले होते. शिष्यांनी अडवलं, पण ठमीबायला अडवणं हे दर्याला अडवण्याइतकंच कठीण.

"स्वामीबाबा, मना येक सांगा. सगलं येकच हाय ना?"

"होय, माई."

"दर्या न माजं शेत पन येकच?"

"एकच."

"मंग मी बांद कशाला बांदू?"

काशीच्या सभेत स्वामींनी मोठमोठ्या पंडितांना गप्प केलं होतं. या प्रश्नाची चार उत्तरं त्यांना पाठ होती. पण समोर उभ्या बाईचा हात खांद्यापर्यंत चिखलानं माखलेला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चारांतलं एकही उत्तर त्या डोळ्यांना देण्यासारखं नव्हतं. स्वामी उठले आणि म्हणाले, "बांध कुठं आहे?"

ठमीबाय पुढे, स्वामी मागे. बांधाशी आल्यावर स्वामींनी पहिलं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत रुतले. दुसरं टाकलं आणि मांडीपर्यंत गेले. ठमीबायला अशा वेळीही हसू फुटलं. "हात द्या, बाबा. पाय सोरवून घ्या आदी." तिनं त्यांना ओढून काढलं आणि हातात मातीची पाटी दिली.

ओट्यांवरून गावानं हे पाहिलं. आपले गुरू कमरेएवढ्या चिखलात पाटी वाहताहेत, हे पाहून कुणाला बसवेना. जोमा धावला. त्याच्यामागून पोशा धावला. मग बायका, म्हातारे, सगळं गाव. सांगायला कुणी लागलंच नाही, रांग आपोआप लागली. जोमाच्या हातातली पाटी पोशाच्या हातात जाऊ लागली. तोंडानं बोलत नव्हते, पण पाट्या चालल्या होत्या.

भर दुपारी उधाण आलं. बिळाचं खिंडार झालं. माती टाकावी तर पाणी ती वाहून नेई. तेव्हा स्वामींनी अंगावरची छाटी सोडली, तिच्यात चिखल भरला, गाठ मारली आणि ते गाठोडं खिंडारात दाबून बसवलं. कमरेला उरली फक्त लंगोटी. ते बघून पोशानं पागोटं सोडलं, जोमानं घोंगडी आणली, बायकांनी घरातली लुगडी आणली. गाठोड्यावर गाठोडं बसत गेलं. दर्या चढत चढत बांधाच्याही वर हातभर आला आणि तिथंच थांबला. वर आलेलं पाणी काचेच्या भिंतीसारखं उभं राहिलं, त्यात मासे पोहताना दिसत होते, पण थेंबभरसुद्धा अलीकडे सांडलं नाही, असं म्हणतात. मग दर्यानं एक मोठा श्वास सोडला आणि तो मागे फिरला.

सगळे बांधावरच आडवे झाले. कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. ठमीबाय म्हणाली, "बाबा, माज्या सवालाचा जबाब ऱ्हायला."

स्वामी हसले. त्या गावानं त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाले, "माई, सगळं एकच आहे, हे खरंच. म्हणून तर तुझं शेत बुडायला लागलं, तेव्हा माझंच बुडत होतं. इतकी वर्षं मी हे सांगत आलो, पण मला ते आज कळलं."

मग जोमाकडे वळून म्हणाले, "आणि एकच आहे म्हणून दुसऱ्याचा कोंबडा खायचा नसतो रे. आपला खाऊ घालायचा असतो." जोमा त्या संध्याकाळी पोशाच्या दारात दोन कोंबडे घेऊन गेला.

त्या दिवसानंतर स्वामींनी सात विहिरींच्या पाण्यानं अंग धुतलं, तरी उजव्या हाताचा चिखल काही निघाला नाही, असं म्हणतात. लोक त्यांना चिखलस्वामी म्हणू लागले. शिष्यांना राग आला, स्वामींना मात्र ते नाव फार आवडलं. पुढं ते अकरा वर्षं राहिले. आधी बांधावरचं काम, मग तिथंच बसून निरूपण. एका दुपारी पाटी रिकामी करून ते बांधावर टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. त्यांच्याच सांगण्यावरून गावानं त्यांना बांधातच समाधी दिली. तेवढ्या जागी आजही खेकडा बीळ पाडत नाही.

आता खाडीवर पूल आहे आणि बांधाला दगड लागलेत. तरी भादव्याच्या अमावास्येला कोळंबखारात घरोघरचं माणूस बांधावर येतं. कपाळाला गंध नाही, चिखल लावायचा. रांग लावायची, आणि पाटी शेजारच्याला देताना त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं "स्वामी" म्हणायचं. एकमेकांशी भांडलेले असतील, त्यांना मुद्दाम शेजारी उभं करतात. दुपारी तिथंच तांदळाच्या भाकऱ्या वाटतात.

मागच्या वर्षी एका घरचा नवा जावई पांढरी पॅण्ट घालून बघायला आला होता. एका म्हातारीनं त्याच्या कपाळाला चिखल फासला आणि पाटी पुढं केली. तो दचकून म्हणाला, "अहो, मी जावई आहे!"

"जावय तिकरं घरात," म्हातारी म्हणाली. "हितं सगले स्वामी. धर."

त्यानं धरली.