पांढरी धामण

फार जुन्या काळी एका राज्यात बियाण्याच्या कोठारावर धामणींचा पहारा असे. धामण विषारी नसते, पण उंदराला सोडत नाही. त्यांना सांभाळायला एक म्हातारा होता. दरवर्षी अंडी फुटली की तो सर्वांत चपळ चार पिल्लं कोठारात ठेवी आणि बाकीची शेताच्या बांधावर सोडी. तशी रीतच होती.

एका वर्षी एक पिल्लू पांढरंशुभ्र निघालं. राजा हरखला. असेच साप वाढव, म्हणाला. म्हाताऱ्यालाही बरं वाटलं. आजवर त्याच्या कामाकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. त्या पिल्लाच्या वंशातच तो जोड्या लावू लागला. पांढरी पिल्लं ठेवी, मातकट पिल्लं कितीही चपळ असली तरी बांधावर सोडी. काही वर्षांत कोठारात मातकट जनावर उरलं नाही.

पांढऱ्या धामणींच्या माना सारख्या डुलत. पाहुणे म्हणत, काय सुंदर नाचतात.

म्हाताऱ्याची बायको मात्र त्याला म्हणाली, "अहो, नाचणाऱ्याला ताल असतो. ह्यांना साधा तोल नाही."

म्हाताऱ्याने ते हसण्यावारी नेलं.

पेरणीच्या तोंडावर कोठार उघडलं, तर अर्धं बियाणं उंदरांनी फस्त केलेलं. म्हातारा एका पांढऱ्या धामणीवर रागावला. तुझ्यासमोरून उंदीर जातात कसे, असं त्याने विचारलं.

ती म्हणाली, "बाबा, उंदीर दिसतो. मी झेपही घेते. पण मान भलतीकडेच जाते. मला वाटलं, सगळ्याच धामणींचं असं असतं."

पांढऱ्या रंगापायी हे आपणच केलं, हे म्हाताऱ्याला कळलं.

मग तो बांधावर गेला. टाकून दिलेल्या मातकट धामणींची पिल्लं तिथे धष्टपुष्ट झाली होती. त्याने हात जोडून त्यांना परत बोलावलं. ती आली आणि उरलेलं बियाणं वाचलं. तरी त्या वर्षी निम्मी शेतं पडीक राहिली, आणि राजासकट सारे एकवेळ जेवले.

पांढऱ्या धामणी आता रानात सोड, असं राजाने सांगितलं.

"घारी टिपतील त्यांना, महाराज," म्हातारा म्हणाला. "अशा मी केल्या. त्यांना भरवीनही मीच."

त्याने पुन्हा त्यांची जोडी लावली नाही. शेवटची पांढरी धामण असेपर्यंत तो रोज एकेकीची डुलती मान एका हाताने धरी आणि दुसऱ्या हाताने तिला घास देई.

आपल्या डोळ्यांची हौस भागवायला दुसऱ्या जिवाचं बळ हिरावून घेऊ नये.