गुरांचा वळसा

“पण वाकायचंच कशाला, महाराज?”

शंभूगीर गोसावी करवंदीच्या जाळीत हात घालून पिकलेली करवंदं तोडत होते. मूठभर झाली तेव्हा त्यांनी ती लहानग्या रेवाच्या ओंजळीत घातली.

विचारणारा केदार, रेवाचा बाप. राहायचा शहरात. वर्षभर दर रविवारी तो धरणाकाठच्या या रानात येत होता आणि गोसाव्यांच्या झोपडीपुढे बसून काहीबाही विचारत होता. कधी देवाचं, कधी मरणाचं. पण पाया असा तो कधी पडला नव्हता. ताठ उभा राहून छातीशी हात जोडायचा, तेवढंच.

आज तो बायकोमुलीला घेऊन आला होता. पुढच्या रविवारी ओळखीची काही कुटुंबं मुलाबाळांसकट धरणाला फेरी घालायला येणार होती. वाट दाखवणार केदार. लहान पोरांना ती झेपते का, हे आधी आपल्याच पोरीला चालवून बघावं, असं त्याच्या मनात होतं. गोसावीही काठी घेऊन सोबत निघाले. माझीही फेरी होईल, म्हणाले.

निघताना माधवी त्यांच्या पाया पडली. आईचं बघून रेवाही वाकायला लागली, तेव्हा केदारनं तिला खांद्याला धरून सरळ केलं. तिथून हे बोलणं निघालं होतं.

“माझे वडील कचेरीत शिपाई होते,” केदार म्हणाला. “साहेब आला की वाकायचे. साहेबाचं पोर आलं तरी वाकायचे. शेवटी शेवटी तर त्यांची पाठ सरळच होईना. तेव्हाच मी ठरवलं, आपण नाही वाकायचं. आणि हिनंही नाही.”

“बरं,” गोसावी म्हणाले.

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं.”

माधवीला हसू आलं. हे वर्षभर एवढ्या लांब येतात आणि घरी येऊन सांगतात, आज महाराज काहीच बोलले नाहीत, असं तिनं गोसाव्यांना सांगून टाकलं. तेही मिशीत हसले.

रान दाट होतं. वाळक्या पानांवर चौघांची पावलं वाजत होती. रेवा पुढं पळायची, एखादं पीस उचलायची, मागं यायची. वाटेत सरडा आडवा गेला तेव्हा ती दचकली. केदारनं तिला सांगितलं, घाबरायचं नाही, ताठ उभं राहायचं. बाबा कसे उभे राहतात, तसं.

तिनं मान ताठ केली.

पुढं झाडी विरळ झाली. तिथं धरणाचं पाणी जिभेसारखं रानात शिरलेलं असे. पण हा मे महिना. पाणी दूर हटलं होतं आणि मागं उरला होता गाळ. वरून वाळलेला, भेगाळलेला, पापुद्रा धरलेल्या भाकरीसारखा.

पलीकडच्या काठावर जांभळीची गार सावली दिसत होती. हाक मारली तर पोचेल, इतकी जवळ. पायवाट मात्र सरळ जात नव्हती. ती काठाकाठानं आत वळून थेट ओढ्यापर्यंत जायची आणि मग उलटी फिरून जांभळीकडं यायची. त्या वाटेवर गुरांच्या खुरांचे ठसेच ठसे होते.

गाळावर एकही नव्हता.

रेवा बसकण मारून म्हणाली, पाय दुखतात. केदारनं समोर पाहिलं.

“सरळ गेलो तर?”

“गुरं वळसा घालतात,” गोसावी म्हणाले.

“गुरांना कुठं घाई असते, महाराज?”

“तहानलेली असतात की...”

केदार हसला. मी आधी बघून येतो, म्हणाला, आणि गाळावर उतरला. पापुद्रा कुरकुरलासुद्धा नाही. त्यानं टाच आपटून दाखवली. मग आणखी आत गेला. एक टिटवी कुठूनतरी उठली आणि त्याच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली.

“पोरीला धर,” गोसावी माधवीला म्हणाले.

माधवीनं धरलं होतं. पण करवंदांच्या रसानं ओला झालेला तो इवलासा हात... निसटला.

“बाबा, मी पण!”

केदारनं वळून पाहिलं तोवर ती त्याला ओलांडून गेली होती. अंगानं हलकी. गाळ तिला पेलत होता. ती हसत पळत होती आणि तिच्या पावलाखालचा रंग बदलत होता. पांढरट, मग राखाडी, मग काळा.

आवाज झाला नाही. बाबा येतात का बघायला ती वळली आणि तिथंच थांबली, एवढंच. गुडघ्यापर्यंतचे तिचे पाय दिसेनासे झाले होते.

केदार धावला. तिच्यापासून हातभर अंतरावर त्याच्याही पायाखालचा पापुद्रा फुटला.

आत काहीच नव्हतं. टेकायला तळ नव्हता. थंडगार, मऊ असं काहीतरी त्याच्या पोटऱ्यांभोवती आवळत होतं. त्यानं एक पाय जोर लावून उपसायला पाहिलं, तर दुसरा मांडीपर्यंत गेला. त्यानं हात लांबवला. रेवानं हात लांबवला. मधे वीतभर जागा राहिली.

ती रडत नव्हती. मान ताठ करून त्याच्याकडं बघत होती. तिचे ओठ तेवढे पांढरे पडले होते.

काठावर माधवी किंचाळली आणि धावली. गोसाव्यांनी काठी तिच्यापुढं आडवी धरली.

“तू नको. तू गेलीस की तिघं होतील.”

ती काठी दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली.

गोसाव्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, गाळावर पसरली आणि ते तिच्यावर पालथे झाले. म्हातारं शरीर. घोंगडी पुढं सारत ते पोटावर सरपटू लागले. घाई नव्हती. टिटवी ओरडत होती. केदारला आपल्या कंबरेशी गाळाचा गारवा जाणवला... आणि रेवाच्या फ्रॉकची किनार त्यात बुडताना दिसली.

“बाळ,” गोसावी मागून रेवाला म्हणाले, “आईच्या कुशीत झोपतेस ना, तशी झोप बघू.”

रेवानं मान हलवली.

“का गं?”

“बाबा उभे आहेत.”

“आडवा हो,” गोसावी केदारला म्हणाले. ते आता त्याच्या पाठीशी पोचले होते.

“बुडेन मी.”

“आडवा हो.”

“महाराज, ती माझ्याकडं बघतेय. मी पडलो तर...”

“तुझ्याकडंच बघतेय.”

केदारनं पोरीकडं पाहिलं. ती आणखी ताठ झाली होती. बाबांसारखी. आणि जितकी ताठ होत होती, तितकी...

तो कमरेतून वाकायला गेला. वाकवेना. अंगातलं सगळं नको म्हणत होतं. मग त्यानं डोळे मिटले आणि छाती गाळावर टाकली. पोट टेकलं, हनुवटी टेकली. कुजलेल्या पाचोळ्याचा वास नाकात गेला, चिखल ओठाला लागला. त्यानं श्वास धरला आणि बुडायची वाट पाहिली.

बुडाला नाही.

डोळे उघडले तेव्हा समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, रेवाचं तोंड होतं. तीही आडवी झाली होती. हात पुढं केलेले, अगदी त्याच्यासारखे.

तिची चिकट बोटं त्याच्या बोटांत आली.

“ओढू नकोस,” मागून आवाज आला. “धरून ठेव नुसती. पाय आपसूक वर येतील. गाळाला वेळ दे.”

गोसाव्यांनी घोंगडीची कड त्याच्या छातीखाली सारली आणि त्याचा सदरा मागून मुठीत धरला. गाळानं आधी रेवाचा एक पाय सोडला, मग दुसरा. केदारचे सोडायला फार वेळ लावला, आणि सोडताना बूट ठेवून घेतले. मग तिघंही पोटावर सरपटत मागं निघाले. पोर मधे. वाटेत रेवानं हळूच विचारलं, बाबा, तुम्ही रडताय का? डोळ्यात चिखल गेलाय, तो म्हणाला.

माधवीनं पोरीला उचललं, ते सोडायलाच तयार होईना. फ्रॉकनं तिचं तोंड पुसत राहिली; फ्रॉकलाच चिखल होता, तिच्या ध्यानात येईना.

मग चौघं गुरांच्या वाटेनं, ओढ्याला वळसा घालून, जांभळीखाली आले. ओढ्याच्या डबक्यात रेवाचे पाय धुतले. मागं वळून गाळाकडं कोणी बघत नव्हतं. तो पुन्हा वाळल्यासारखा, शेतासारखा दिसत असेल, याचीच केदारला भीती वाटत होती.

गोसावी खोडाला टेकून उभे होते. पांढऱ्या दाढीवरचा चिखल वाळून पडत होता.

केदार अनवाणी त्यांच्यापुढं आला. उभा राहिला. मग गुडघ्यांवर आला, आणि सगळाच्या सगळा, लांबच्या लांब, त्यांच्या पायांशी पालथा झाला.

तसाच पडून राहिला. पाठ हलत होती.

टिटवी आता गप्प होती...

शंभूगीरांनी पाय मागं घेतले. खाली बसून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“ऊठ बाळा,” ते म्हणाले. “इथं जमीन घट्ट आहे.”