मोरपंखी काळजाचा मासा

फार पूर्वी, तळ्याच्या काठाने वसलेल्या एका गावात एक रंगारी राहत असे. त्याच्या मोरपंखी लुगड्यांना चार बाजारांत तोड नव्हती. आधी तो झाडपाल्याचे रंग करी. मग बंदरावरच्या एका व्यापाऱ्याने त्याला एक पूड दिली. चिमूटभर टाकली की अख्खा रांजण मोरपंखी! उरलेलं पाणी चरातून तळ्यात जाई. तळं एवढं मोठं, आपला रांजण केवढासा, अशी तो मनाची समजूत घाली.

त्या तळ्यात एक परमुलखातला मासा माजला होता. कुणा वाटसरूने आणून सोडलेला. गाव त्याला ‘उपऱ्या’ म्हणे. खादाड, निबर, चवीला चिखल. कुणाला तो नको होता.

एके सकाळी भोईण टोपलीत उपऱ्या घेऊन रंगाऱ्याच्या ओसरीवर आली. तिची चूल तळ्यावरच पेटे. रंगातलं तुम्हाला कळतं, जरा बघा, म्हणत तिने विळीवर मासा उभा चिरला.

आतलं काळीज मोरपंखी होतं.

“मरळ गेली, झिंगे गेले,” भोईण म्हणाली. “ती नाजूक जात, मुकाट्याने मेली. हा मेला मरत नाही. पाण्यात असेल ते पोटात घेऊन हिंडतो. ह्याला हा रंग कुठून चढला असेल, दादा?”

ती छटा नेमकी ओळखणारा डोळा गावात एकच होता. रंगाऱ्याने मनात हिशोब मांडला. खरं बोलावं तर पूड सुटते, पूड सुटली तर बाजार सुटतो. तो म्हणाला, “उपऱ्याची जातच तशी, मावशी. ज्या देशाचा मासा, त्या देशाचं काळीज.”

भोईणीने त्याच्या हातांकडे पाहिलं. “बरं. मग तुमच्या नखांचा देश कुठला म्हणायचा?” असं म्हणून टोपली उचलून ती गेली.

त्याच दिवशी रंगाऱ्याने चावडीवर पटवून दिलं, की मरळ खाल्ली ती उपऱ्यानेच आणि तळं नासवलं तेही त्यानेच. पहिलं अर्धं खरं होतं, म्हणून दुसरंही खपलं. बाजारात खोटा माल असाच जातो, खऱ्याच्या गोणीत मिसळून. गावाने जाळी टाकली, महिनाभरात उपऱ्यांचं बी उरलं नाही. रंगाऱ्याने सगळ्यांना गूळ वाटला. तळं कसं स्वच्छ दिसू लागलं!

चिरून बघायला आता काहीच नव्हतं, तेव्हा कुणी बघितलंही नाही.

दोन उन्हाळ्यांनी म्हशी त्या पाण्याला तोंड लावेनात. बदकं वरच्या वर निघून जात. भोईणीने बिऱ्हाड मोडलं. गाव सोडताना ती रंगाऱ्याच्या ओसरीवर आपली रिकामी टोपली तेवढी उपडी ठेवून गेली.

तेव्हा कुठे रंगाऱ्याने पूड सोडली आणि चर बुजवला. चार बाजार गेले, पण त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. आता तो रोज सकाळी मूठभर चुरमुरे घेऊन तळ्यावर बसतो. पाणी निवळलं का, हे त्याला कुणाला तरी विचारायचं असतं. एखादा उपऱ्या वर यावा, एवढंच तो मागतो. चुरमुरे भिजून तळाशी जातात.

तात्पर्य: गोणी नासकी निघाली म्हणून हमालाला हाकलू नये, ती भरली कुणी ते पाहावं, आणि आधी आपले हात पाहावेत.